तीन ब्लोअर, एक कान

त्यांचं आडनाव फडके नव्हतं. एकतीस वर्षं हातात फडकं दिसलं म्हणून लोकांनी त्यांना फडके करून टाकलं, आणि खरं आडनाव पगाराच्या पावतीपुरतं उरलं. गाड्या धुण्याचं ते सेंटर म्हणजे पत्र्याच्या छपराखाली तीन गाड्यांची जागा. एका टोकाला पाण्याचा पंप आणि तो चालवणारा फवारा. त्याचंही खरं नाव कुणाला आठवत नव्हतं. दुसऱ्या टोकाला फडके. पंपाकडून भिजून आलेली गाडी त्यांच्याकडून कोरडी होऊन बाहेर पडायची.

पुसणं कुणालाही येतं, असं तुम्हाला वाटत असेल. फडक्यांसमोर तसं बोलून बघायला हवं होतं. आरशाच्या मागे, नंबरप्लेटच्या खाली, पेट्रोलच्या झाकणात पाणी कसं दबा धरून बसतं आणि गिऱ्हाईक फाटकाबाहेर पडलं की कसं ओघळतं, हे त्यांनी तासभर सांगितलं असतं. आणि सगळ्यात लबाड पाणी दाराच्या पोटात. काचेच्या रबरातून ते आत उतरतं, दाराच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात त्यांतून बाहेर पडतं. भोक गाळानं बुजलं तर पाणी आतच साचतं आणि दार आतून गंजत जातं. बाहेरून काही दिसत नाही. ते ऐकावं लागतं.

म्हणून गाडी पुसून झाली की फडके एक हात वर करायचे. फवारा पंप बंद करायचा. फडके प्रत्येक दार जरासं उघडून हलवायचे, पत्र्याला उजवा कान लावायचे. आत डचमळलं की खराट्याची काडी घालून भोक मोकळं करायचे. काहीच ऐकू आलं नाही की टपावर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक. त्या टकटकीशिवाय गाडी फाटकाबाहेर जात नसे. थोरले मालक होते तेव्हापासूनचा हा रिवाज. ते गेले, त्यांची मुलगी गल्ल्यावर बसायला लागली, तरी टकटक तीच राहिली. एकतीस वर्षांत ती एकदाही खोटी पडली नव्हती, आणि या गोष्टीचा फडक्यांना जरा जास्तच अभिमान होता.

सोमवारी सकाळी ताईंनी, म्हणजे त्या मुलीनं, सगळ्यांना बोलावलं. शाळेच्या गणवेशात येऊन पंपाखाली पाय धुणारी पोरगी आता मालकीण होती. फडके तिला ताई म्हणायचे, ती त्यांना काका.

"काळ्या गाड्यांची कंपनी आपल्याकडे येईल असं दिसतंय," ताई म्हणाल्या. "चाळीस गाड्या, रोज. पण त्यांच्या साहेबांच्या दोन अटी आहेत. गाडीला कापड लावायचं नाही. काळ्या रंगावर कापडाचे बारीक ओरखडे पडतात, उन्हात जाळी दिसते म्हणे. आणि धुतल्यावर दहा मिनिटांत गाडी कोरडी."

"कापड नाही तर काय फुंकर मारायची?" फवाऱ्यानं विचारलं.

"फुंकरच. ब्लोअर घ्यायचाय. तीन मशिनं ट्रायलला येताहेत. गुरुवारी साहेब समोर उभे राहून बघणार. काका, निवडायचं तुम्ही. दिवसभर तुम्हालाच चालवायचंय."

फडक्यांनी मान डोलावली. कापड सुटणार याचं वाईट वाटलंच. कानामागून आली आणि तिखट झाली, तशी ही मशिनं. पण खरी धास्ती निराळीच होती.

पंधरा दिवसांपूर्वी ते कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले होते, घरी चपला बघायला जातो असं सांगून. डावा कान कधीचाच गेला होता. एकतीस वर्षं पंपाच्या बाजूला तोच होता. त्याचं फडक्यांनी मनावर घेतलं नव्हतं, बायकोलाही ते माहीत होतं. पण डॉक्टरांनी उजव्या कानाचा कागद पुढे सरकवला. त्यावर एक रेघ होती आणि ती उतरत चालली होती.

"याच्यात थोडं शिल्लक आहे," डॉक्टर म्हणाले होते. "मोठ्या आवाजापासून लांब राहा. दिवसभर आवाजात उभे राहिलात, तर वर्षभरात हाही जाईल."

"कानात बोळे घातले तर?"

"तास दोन तास ठीक. आठ तास नाही. आणि गेलेलं परत येत नाही, हे लक्षात ठेवा."

एरवी माणसाला कमी ऐकू आलं म्हणून काही आभाळ कोसळत नाही. शेजारचे ओरडून बोलले असते, ताईंनी खुणा केल्या असत्या. पण फडक्यांच्या घरची गोष्ट निराळी होती. त्यांच्या बायकोचा आवाज एके काळी असा होता, की तिनं खिडकीतून भाजीवाल्याला हाक मारली तर पलीकडच्या गल्लीतला भाजीवालाही थांबायचा. दोन वर्षांपूर्वी तिच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. गाठ गेली आणि जाताना आवाज घेऊन गेली. आता ती बोलायची ते नुसतं कुजबुजल्यासारखं. हवा जास्त, आवाज थोडा. जोर लावला की ठसका लागायचा. डॉक्टर म्हणाले, यापुढे एवढाच.

पहिल्या आठवड्यात फडके गमतीनं म्हणाले होते, "चला, घरात शांतता झाली." ती हसली नव्हती. ते वाक्य आठवलं की अजूनही त्यांना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटायचं.

तेव्हापासून ती जेवायला त्यांच्या उजव्या बाजूला बसायची. संध्याकाळी मशीनवर शिवता शिवता दिवसभराचं सगळं सांगायची, कुणाच्या बाह्या घट्ट झाल्या, कुणी शिवून नेलं आणि तोंड दाखवलं नाही. ते उजवा कान तिच्याकडे करून बसायचे. हा कान गेला तर ती बोलत राहील आणि त्यांना नुसते हलणारे ओठ दिसतील. याहून जास्त काही डॉक्टरांनी समजावून सांगायची गरज नव्हती.

आणि हे कामावर सांगायची सोय नव्हती. ज्याच्या कानावर सेंटरची टकटक चालते त्याचाच कान गेलाय म्हटल्यावर ठेवील कोण? झाकली मूठ सव्वा लाखाची. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे फडके ओलं फडकं घेऊन उभे.

मंगळवारी मशिनं आली. एक मोठं, चाकांवरचं, दोन मोटारींचं, ढकलत न्यायचं. एक हातात धरायचं, बॅटरीवर चालणारं, बागेतली पानं उडवायला वापरतात तसलं. आणि तिसरं भिंतीवर टांगायचं. त्याची मोटार मागच्या खोलीत बसवायची आणि फक्त लांब नळी गाडीपर्यंत आणायची. विकणाऱ्यानं मोठं मशीन चालू करून दाखवलं तेव्हा छपराचा पत्रा थरथरला. फवारा खूश होऊन नाचायलाच लागला. फडके दहा पावलं मागे सरले आणि पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेले.

त्या संध्याकाळी बायको काहीतरी सांगत होती. त्यांच्या कानात ते मोठं मशीनच गुणगुणत होतं. ते हूं हूं करत राहिले.

"काय म्हणाले मी?" तिनं विचारलं.

फडक्यांना सांगता आलं नाही. तिनं दोरा तोडून दुसरं कापड घेतलं. फडके भिंतीकडे बघत बसले.

गुरुवारी निघताना त्यांनी तिच्या उशा भरायच्या पिशवीतून बोटभर कापूस काढला आणि खिशात टाकला.

साहेब अकराच्या ठोक्याला आले. इस्त्रीचे कपडे, चकाकणारे बूट, हातात घड्याळ. आपल्या तीन काळ्या गाड्या त्यांनी बरोबर आणल्या होत्या. ताईंच्या हातात वही होती, पण ती उलटी धरली होती, हे फक्त फडक्यांनी पाहिलं. चाळीस गाड्यांचं काम मिळालं नाही तर सेंटरचं पुढे काय करायचं हे ताईंनाही माहीत नव्हतं.

पहिल्यांदा मोठं मशीन. साहेब घड्याळाकडे बघत असताना फडक्यांनी पाठ फिरवली आणि कापसाचा बोळा उजव्या कानात दाबून बसवला. मग बटण दाबलं. बोळ्यातूनही तो आवाज हाडापर्यंत आला. टपावरचं पाणी एका झटक्यात कडेला गेलं, काचा लख्ख झाल्या. चार मिनिटं वीस सेकंद. फडक्यांनी सवयीनं हात वर केला, दारांना कान लावला, टपावर टकटक केली. साहेब पहिल्यांदा हसले.

"वा! हे काम आहे," ते म्हणाले. नक्की काय म्हणाले ते फडक्यांनी त्यांच्या तोंडावरून ओळखलं. कान सुन्न झाला होता, डोकं भणभणत होतं. तेवढ्यात फवाऱ्यानं दुसरी गाडी पुढे घेतली, साहेब डाव्या बाजूनं काहीतरी विचारायला लागले आणि बॅटरीचं मशीन कुणीतरी त्यांच्या हातात दिलं. ते चालू झालं, अर्ध्या गाडीपर्यंत नेटानं चाललं आणि मग धाप लागल्यासारखं हळू होत गेलं. बॅटरी संपली. साहेबांनी हातानंच ते बाजूला करा अशी खूण केली.

तिसरं मशीन फडक्यांना मंगळवारपासूनच हवं होतं. मोटार भिंतीपलीकडे, दार लावलेलं, हातात नुसती नळी आणि तिच्या टोकाची वाऱ्याची सुसू. वारा मोठ्यापेक्षा कमी, म्हणून बुद्धी जास्त चालवावी लागणार. त्यांनी टपापासून सुरुवात केली, पाणी एका बाजूला हाकलत नेलं, आरशांच्या फटी, मुठींच्या खाचा, दिव्यांच्या कडा, एकही जागा दोनदा घेतली नाही. फवारा ओरडून मिनिटं मोजत होता. सात. आठ. नऊ. फडक्यांच्या पाठीवर शर्ट चिकटला होता. नळी खाली ठेवली तेव्हा साहेबांचं घड्याळ नऊ मिनिटं चाळीस सेकंदांवर होतं.

फडक्यांनी हात वर केला. एकेक दार हलवलं, कान लावला. काही नाही. काही नाही. काही नाही. चौथं दारही गप्प. टपावर टकटक केली आणि त्यांना इतकं हलकं वाटलं, की ताईंकडे बघून ते चक्क हसले.

साहेब पुढे झाले आणि त्यांनी ड्रायव्हरच्या बाजूचं दार झटक्यानं उघडलं. त्या झटक्यासरशी दाराच्या तळाचा गाळ सुटला. गढूळ पाण्याची धार थेट साहेबांच्या चकाकत्या बुटावर पडली आणि मोज्यात शिरली.

साहेब बुटाकडे बघत होते. मग सगळे एकदम बोलायला लागले. फवारा हातवारे करत होता, ताईंचे ओठ हलत होते. साहेबांनी बोट मोठ्या मशीनकडे केलं. फडक्यांना सगळं लांबून, गोधडीखालून आल्यासारखं ऐकू येत होतं. त्यांनी कपाळाचा घाम पुसायला हात वर नेला, बोट कानाशी गेलं आणि कापसाला लागलं.

बोळा आतच होता.

काही ऐकू आलं नाही म्हणजे दार कोरडं, या हिशेबावर एकतीस वर्षं काढली होती, आणि आज बुजलेल्या कानानं त्यांनी टकटक केली होती. बोट कानातच ठेवून, खाजवल्यासारखं करत, त्यांनी बोळा थोडा सैल केला. शब्द आत आले.

"फुसकं मशीन आहे हो ते," फवारा म्हणत होता. "वाराच नाही त्याला."

"मोठं घ्या," साहेब म्हणाले. "त्या गाडीत थेंब नव्हता. मोठं घेणार असाल तर उद्यापासून गाड्या पाठवतो."

ताईंनी वही सरळ केली आणि पेनाचं टोपण काढलं.

काही बोलायची गरज नव्हती. कापूस कुणी पाहिला नव्हता. दोष मशीनवर गेला होता, फडक्यांच्या नावाला धक्का नव्हता, नोकरी शाबूत होती. मूग गिळून उभं राहिलं की झालं. आणि उद्यापासून ते मोठं मशीन, दिवसाला चाळीस गाड्या, आठ तास. वर्षभर. बायकोनं दोरा तोडला ती संध्याकाळ त्यांना आठवली. फडक्यांना भीती वाटत होती, साधी, लहान मुलाला वाटते तशी.

"ताई, लिहू नका," ते म्हणाले. आवाज हवा त्याहून मोठा निघाला. त्यांनी कानातला बोळा ओढून काढला आणि गाडीच्या बॉनेटवर ठेवला.

सगळे त्या ओलसर कापसाकडे बघत राहिले.

"चूक मशीनची नाही, माझी आहे. त्या मोठ्याच्या आवाजानं कान जाऊ नये म्हणून हे घातलं होतं, आणि काढायला विसरलो. दारं मी ऐकलीच नाहीत. मला एकाच कानानं ऐकू येतं, ताई. डावा गेलाय. डॉक्टर म्हणालेत, आवाजात उभा राहिलो तर हाही जाईल."

"म्हणजे?" साहेब म्हणाले. "बहिरा माणूस आमच्या गाड्या पास करणार?"

ताईंचा चेहरा पांढरा पडला होता. फडक्यांना त्यांच्याकडे बघवेना.

"एक कान आहे, साहेब," ते म्हणाले. "आणि पहिल्या गाडीलाही मी बोळा घालूनच टकटक केलीय. तिची दारंही ऐकायची राहिलीत."

"ती कोरडी आहे. मी स्वतः पाहिलीय."

"पाहून कळत नाही ते."

फडके पहिल्या गाडीपाशी गेले. हात वर केला. पंप बंदच होता, तरी फवाऱ्यानं सवयीनं हात बटणावर ठेवला. पुढची दोन दारं. काही नाही. उजवीकडचं मागचं दार. काही नाही. डावीकडच्या मागच्या दाराला त्यांनी कान लावला आणि डोळे मिटले. या दारात काही नसलं तर आपण उद्यापासून घरी, हे त्यांना स्पष्ट कळत होतं. दार हलवलं. कानात अजून मशीनची गुणगुण होती. पुन्हा हलवलं. गुणगुणीच्या खाली, अगदी तळाशी, काहीतरी डचमळलं.

त्यांनी खिशातून काडी काढली, गुडघ्यावर बसून दाराच्या खालच्या कडेला घातली. आधी गाळ आला, मग पाणी. बराच वेळ वाहत राहिलं. फरशीवरून ओघळ साहेबांच्या दुसऱ्या बुटापर्यंत आला तेव्हा साहेब एक पाऊल मागे सरले.

"कुठल्याही ब्लोअरचा वारा इथे पोचत नाही," फडके खाली बसूनच म्हणाले. "मोठ्याचा नाही, छोट्याचा नाही. बाहेरचं पाणी दोन्ही काढतात. एक चार मिनिटांत, एक नऊ. आतलं ऐकूनच काढावं लागतं. मोठं घेतलंत तर वर्षभरानं ऐकणारं कुणी उरणार नाही."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, मग ओल्या मोज्याकडे. "ऐकायला धरून दहाच्या वर जातं तुमचं," ते म्हणाले. "वीस गाड्या पाठवतो. चाळीस नाही. महिनाभर बघू." आणि ते बूट पचपचत निघून गेले.

ताईंनी वहीत तिसऱ्या मशीनचं नाव लिहिलं. लिहून झाल्यावरही त्या मान खाली घालून बसल्या होत्या. फडके समोर जाऊन उभे राहिले.

"दोन खोट्या टकटकी, काका," त्या म्हणाल्या. "बाबा असते तर?"

"हाकललं असतं मला."

"हो. आणि संध्याकाळी स्वतःच घरी बोलवायला आले असते." त्यांनी डोळे पुसले, ते रागानं की कशानं ते कळलं नाही. "सांगायचं होतंत ना. इतक्या वर्षांत एवढंही परकं समजलात? उद्यापासून पंपाच्या बाजूला उभं राहायचं नाही. तुमची जागा भिंतीकडे." अर्धं काम हातचं गेलं होतं आणि त्या तेही म्हणू शकल्या असत्या. म्हणाल्या नाहीत. फडक्यांना तेच जास्त लागलं.

घरी पोचले तेव्हा बायको मशीनवर होती. फडक्यांनी चपला काढल्या, तिच्या डाव्या हाताला स्टूल ओढलं, म्हणजे ती त्यांच्या उजवीकडे आली, आणि सगळं सांगितलं. चपला बघायला गेलो नव्हतो इथपासून सुरुवात केली. उतरत चाललेली रेघ सांगितली, उशीतला कापूस सांगितला, साहेबांचा बूटही सांगितला. बुटाशी ती हसेल असं त्यांना वाटलं होतं.

तिनं शिलाईचं चाक हातानं थांबवलं.

"आणि मला कधी सांगणार होतात?" ती त्या हवेच्या आवाजात म्हणाली. "काहीच ऐकू येईनासं झाल्यावर?"

मग ती जी सुरू झाली ती थांबेना. मंगळवारी हूं हूं करत होतात तेव्हाच मला कळायला हवं होतं. दोन वर्षं मी घसा फाडून बोलते ती कुणासाठी? माझा आवाज गेला तेव्हा मी तुमच्यापासून लपवलं होतं का? माझाच कापूस चोरायचा आणि मलाच सांगायचं नाही, ही कुठली रीत? मधे ठसका लागला, तिनं पाणी प्यायलं आणि राहिलेलं पुरं केलं. लग्नातल्या जुन्या दोन गोष्टीही त्यात निघाल्या. फडके मान वाकडी करून, कान तिच्या तोंडाशी नेऊन बसले होते. एकही शब्द खाली पडला नाही.

शेवटी ती दमली. पदरानं तोंड पुसलं आणि गप्प झाली. फडक्यांनी स्टूल आणखी जवळ ओढलं.

"अजून बोल," ते म्हणाले.